वार्तापत्राचे बारसे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात भिलाई येथे भरलेल्या मराठी व्यावसायिक सभासदांच्या मेळाव्यातील व्याख्यान)



आपल्या मंडळातील व्यावसायिक सभासदांनी एक मासिक वार्तापत्र काढावे असा ठराव झाला, त्याला आता काही महिने लोटले. मजकूर कोणी जमवावा, छपाईचा खर्च कसा वाटून घ्यावा, अंक घरोघर कोणी पोचवावे, या साऱ्या गोष्टी दोन बैठकांत निकालात निघाल्या. गाडे अडले ते नावापाशी. पुढच्या तीन बैठका नावावरच खर्ची पडल्या, आणि शेवटच्या बैठकीत तर जुन्या स्नेह्यांचे आवाजही थोडे चढले. तेव्हा या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली. आमची पात्रता म्हणाल तर एवढीच, की नाव चुकल्यामुळे वार्तापत्र कसे बुडते याचा अनुभव आमच्या गाठीशी आहे.

तो अनुभव आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे उपदेशासारखे वाटणार नाही. अनेक वर्षांपूर्वी, आमचे छोटेसे यंत्रकामाचे वर्कशॉप नुकतेच उभे राहिले होते तेव्हा, आम्ही चौघा मित्रांनी मिळून एक चारपानी पत्रक सुरू केले. कोणाकडे लेथ मोकळा आहे, कोणाला गिअर कापून हवे आहेत, कोणती निविदा निघाली आहे, कोणाकडे चांगला फिटर हवा आहे, अशी माहिती त्यात असे. हेतू सरळ होता. परंतु नाव ठेवताना आम्हांस भारदस्तपणाची भुरळ पडली आणि आम्ही त्याचे नाव ठेवले 'औद्योगिक ज्ञानसंवर्धिनी'. छापखान्यातला जुळारी पहिल्या अंकापासून त्यात एखादे अक्षर चुकवीत असे. गिऱ्हाइके त्याला 'वो लंबे नामवाला पर्चा' म्हणत. आम्हां चौघांचे पत्नीवर्गही त्याचे पूर्ण नाव कधी घेत नसत.

एवढ्यावर भागले असते तर हसून सोडून दिले असते. पण आमच्याच ओळखीच्या एका कारखानदाराची मशिनरी दोन महिने कामावाचून पडून होती. काम मिळविण्यासाठी ते रायपूर, नागपूर पालथे घालीत होते. त्याच वेळी त्यांच्यापासून दोन गल्ल्या पलीकडच्या एका गृहस्थांना नेमके तेच काम करून हवे होते आणि तसे निवेदन आमच्या पत्रकाच्या दुसऱ्या पानावर छापलेले होते. पत्रक त्यांच्या टेबलावर पोचलेही होते. परंतु नाव पाहून त्यांना ते एखाद्या शिक्षणसंस्थेचे प्रसिद्धिपत्रक वाटले आणि त्यांनी ते न उघडता रद्दीत टाकले. काम बाहेर गेले. पुढे त्यांनी ते वर्कशॉप विकले. याचे सारे खापर आम्ही नावावर फोडीत नाही, पण तो अंक त्यांनी उघडला असता तर काय झाले असते, हा विचार अजूनही आमच्या मनातून जात नाही. सातव्या अंकानंतर आम्ही पत्रक बंद केले.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे, की व्यवसायाच्या वार्तापत्राचे नाव ही शोभेची वस्तू नव्हे. 'हे तुमच्यासाठी आहे, उघडा' एवढे ते एका दृष्टिक्षेपात सांगू शकले पाहिजे. ते न जमले तर आतील मजकूर कितीही मोलाचा असो, त्याचा उपयोग नाही.

मराठीत या गोष्टीचे सर्वांत मोठे उदाहरण किर्लोस्करवाडीचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर कारखाना वसविला. लोखंडी नांगर हा त्यांचा माल. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर खपविताना त्यांना फार कष्ट पडले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. अशा कारखान्याला माल बनविण्याइतकीच गिऱ्हाइकाशी बोलण्याची गरज होती. १९२० साली त्यांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी कारखान्याचे एक पत्र सुरू केले आणि त्याचे नाव ठेविले 'किर्लोस्कर खबर'.

या दोन शब्दांकडे जरा बारकाईने पाहावे. पहिला शब्द सांगतो, कोण बोलत आहे. दुसरा सांगतो, काय देणार आहे. ज्ञान नाही, प्रबोधन नाही, क्रांती नाही, फक्त खबर. हा शब्द अरबी-फारसीतून आलेला. पण मराठीत इतका मुरलेला, की आपला 'बखर' हा शब्दही त्यातील अक्षरांची उलटापालट होऊन झाला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. नांगर विकत घेणाऱ्या शेतकऱ्याला तो शब्द कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. शिवाय वचन लहान होते, त्यामुळे ते दर महिन्याला पुरे करता येण्याजोगे होते.

पुढे त्या पत्राचा आवाका वाढला. कथा, लेख, सामाजिक सुधारणेचे विषय, स्वावलंबनाचे धडे असे सारे त्यात येऊ लागले, आणि 'खबर' हा शब्द अपुरा पडू लागल्यावर तो गळून केवळ 'किर्लोस्कर' हे नाव उरले. मराठी घरांत हा शब्द उच्चारला की शेतात नांगर आणि माजघरात मासिक, अशी दोन्ही चित्रे डोळ्यांपुढे उभी राहत. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. स्त्रियांसाठी वेगळे काही द्यावेसे वाटले तेव्हा त्यांनी जुन्याच नावाखाली एक पुरवणी न जोडता १९३० साली 'स्त्री' हे मासिक काढले, आणि तरुणांसाठी १९३४ साली 'मनोहर'. वाचक बदलला की नाव बदलावे, हे त्यांना उमगले होते. एकाच नावाने साऱ्या जगाला हाक मारता येत नाही.

नांगराचाच व्यवसाय करणाऱ्या अमेरिकेतील जॉन डिअर यांच्या कंपनीनेही १८९५ साली शेतकऱ्यांसाठी एक पत्र काढले. त्याचे नाव 'द फरो', म्हणजे नांगराने जमिनीत पडणारा तास. त्यात कंपनीचे नाव नाही, नांगराचेही नाही. नांगर चालून गेल्यावर जे उरते त्याचे नाव आहे. शेतकऱ्याला कारखान्याशी कर्तव्य नसते, आपल्या शेताशी असते, हे ज्याने ओळखले त्याने हे नाव ठेविले असावे. ते पत्र आज सव्वाशे वर्षांनंतरही निघते आहे. उलट मोटारींच्या फोर्ड कंपनीने १९०८ साली 'फोर्ड टाइम्स' काढले. तेथे कंपनीचेच नाव पुढे केले. ज्या मालाचे नाव घरोघर झाले आहे त्याला हा मार्ग शोभतो. आपणांपैकी कोणाचे नाव अद्याप तेवढे झालेले नाही, हे नम्रपणे ध्यानात ठेवावे.

तात्पर्य, नाव ठेवण्याचे ठळक मार्ग चार. बोलणारा कोण ते सांगावे, जसे 'किर्लोस्कर'. काय मिळेल ते सांगावे, जसे 'खबर', किंवा १८४९ सालचे 'ज्ञानप्रकाश'. कोणासाठी बोलतो ते सांगावे. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी काढलेले 'दीनबंधु' आणि ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सुरू केलेले 'मूकनायक' ही त्याची थोर उदाहरणे. पत्र कोणाचे कैवारी आहे, हे त्या नावांतच लिहिलेले होते. आणि चौथा मार्ग म्हणजे कामातली एखादी खूण उचलावी, जसा नांगराचा तास. व्यापार-उद्योगाच्या क्षेत्रात नागपूरहून निघालेले 'उद्यम', पुण्याच्या मराठा चेंबरचे 'संपदा' ही नावेही पाहा. तीन अक्षरांत काम भागले आहे.

आता आपल्या बैठकींतील खऱ्या वादाकडे वळतो. ज्येष्ठांचे म्हणणे, नावात 'महाराष्ट्र' किंवा 'मराठी' हा शब्द असलाच पाहिजे. नाहीतर हे आपले आहे हे ओळखायचे कसे? तरुणांचे म्हणणे, आपली निम्म्याहून अधिक गिऱ्हाइके मराठी नाहीत. असा शब्द पाहून ती अंक बाजूला ठेवतील. दोन्ही पक्षांत आपलीच माणसे आहेत आणि दोघांच्याही मनात एक भीती आहे. एकाला भीती आहे विसरले जाण्याची, दुसऱ्याला आहे एकटे पडण्याची. गावापासून दूर राहणाऱ्या माणसाला या दोन्ही भीती चांगल्या ठाऊक असतात.

या वादाचे उत्तर आम्हांस याच भूमीत सापडले. जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून एक हिंदी मासिक निघाले. त्याचे संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामनराव लाखे. तिन्ही नावे ऐकून या सभागृहातील प्रत्येकाला आपल्या आळीतलीच माणसे आठवतील. या तिघांनी मासिकाचे नाव ठेविले 'छत्तीसगढ मित्र'. त्या वेळी छत्तीसगढ नावाचे राज्य नव्हते. ते व्हायला १ नोव्हेंबर २००० हा दिवस उजाडावा लागला. या मराठी माणसांनी शंभर वर्षे आधी, ज्या मुलखात आपण राहतो त्याचे नाव कपाळावर लावले आणि स्वतःची ओळख दिली ती केवळ 'मित्र' एवढीच. मासिक तीन वर्षे चालले आणि तोट्यामुळे १९०२ च्या अखेरीस बंद पडले. परंतु हिंदी पत्रकारितेच्या इतिहासात त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते. आणि सप्रे मराठीपासून दुरावले काय? समर्थांचा 'दासबोध' आणि लोकमान्यांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेणारे तेच होते. आपली ठेव त्यांनी शेजाऱ्याच्या दारी नेऊन पोचविली. तेव्हा नावात महाराष्ट्र नसला म्हणजे मराठीपण गेले, असे मानण्याचे कारण नाही.

भिलाईतच दुसरे उदाहरण आहे. आपली मुले-नातवंडे जेथे वाघ पाहायला जातात ती मैत्रीबाग भारत आणि सोव्हिएत संघ यांच्या स्नेहाची खूण म्हणून उभी राहिली. सोव्हिएत संघ १९९१ साली संपला. बागेला त्या देशाचे नाव दिलेले असते तर ते आज मुलांना समजावून सांगावे लागले असते. 'मैत्री' हा शब्द मात्र जसाच्या तसा राहिला. राज्याची हद्द बदलते, यंत्रे बदलतात. १ नोव्हेंबर २००० नंतर आपणांपैकी किती जणांनी 'मध्यप्रदेश' छापलेली पत्रकागदांची बंडले पाठकोऱ्या कागदासारखी वापरली, ते आठवावे. कोणी आपल्या पत्राचे नाव 'तार' ठेविले असते तर २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाल्यावर त्याची काय दशा झाली असती? नाव अशा गोष्टीवर बांधावे, की जी आपल्या हयातीत तरी मोडणार नाही.

येथे राहणाऱ्यांना आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते, जी पुण्या-मुंबईच्या माणसाच्या ध्यानातही येणार नाही. आपली आणि हिंदीची लिपी एक, शब्दही बरेचसे एक. पण अर्थ मात्र निराळे. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. आपल्याकडे ती शाळेतल्या पट्टीची. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. 'अभिमान' आपण कौतुकाने बाळगतो. हिंदीत तो बहुधा गर्व ठरतो. एका सन्मित्रांनी 'उद्योग-संसार' असे नाव सुचविले होते. हिंदी वाचकाला त्यात उद्योगाचे जग दिसेल. आपल्या गृहिणींना मात्र भांडीकुंडी आणि वाणसामानाची यादी आठवेल. म्हणून आपल्या वार्तापत्राचे नाव दोन्ही भाषांच्या कसोटीवर घासून घ्यावे.

याच कसोटीवर आमच्या एका लाडक्या नावाचा बळी गेला. आम्हांस 'रूळ' हे नाव फार आवडले होते. भिलाईच्या पोलादाचे रूळ साऱ्या देशात पसरले आहेत. आणि मराठीत 'रुळणे' म्हणजे नव्या जागी स्थिरावणे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी येथील पहिली झोतभट्टी पेटली त्या काळात जी मराठी कुटुंबे ट्रंका आणि वळकट्या घेऊन उतरली, ती येथे रुळली. एका शब्दात कारखानाही आला आणि आपली कथाही आली. आम्ही मोठ्या आनंदाने हे नाव छापखान्यात नेले. तेथल्या तरुणाने अक्षर टंकित केले आणि पडद्यावर उमटले 'रूल'. हिंदीभाषक वाचकही ते तसेच वाचणार आणि हे नियमांचे पत्रक असावे असे समजणार. घरी येऊन नातवाला दाखविले, तर त्यानेही 'रूल'च वाचले. आमच्याच घरात 'ळ' परका झालेला पाहून आम्ही त्या रात्री जरा खिन्न होतो. नातवाला 'ळ' शिकवायचा तो घरी, पाटीवर शिकवू; व्यवसायाच्या पत्राकडून ते काम करवून घेणे योग्य नव्हे, असे आम्ही मनाशी ठरविले आणि नाव सोडून दिले.

आता आम्ही एक नाव आपणांपुढे ठेवतो. स्वीकारावे असा आग्रह नाही. ते नाव 'जोड'. मराठीत आणि हिंदीत त्याचा अर्थ बहुतांशी एकच. आपणांपैकी निम्मी माणसे वेल्डिंग, फिटिंग, फॅब्रिकेशनच्या धंद्यात आहेत. त्यांना हा शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारावा लागतो. येथल्या पोलादाच्या कारखान्यात रुळाला रूळ सांधून २६० मीटर लांबीचा सलग रूळ तयार होतो, तेही जोडाचेच काम. जोडधंदा करणाऱ्या भगिनी, मसाले आणि पापड करणारी मंडळे, शिकवणी घेणाऱ्या ताई, या सर्वांना त्यात जागा आहे. नव्या माणसाला काम जोडून द्यावे, मोकळ्या यंत्राला गिऱ्हाईक जोडून द्यावे, हाच तर आपल्या पत्राचा हेतू आहे.

या नावावरही आक्षेप येतील. एक तर कालच आला. आमच्या शेजारच्या डॉक्टरांनी ऐकून विचारले, 'जोडों के दर्द की पत्रिका है क्या?' आम्ही हसलो. पण आक्षेप खरा आहे, म्हणून नावाखाली बारीक अक्षरांत 'भिलाईतील व्यावसायिकांचे मासिक वार्तापत्र' अशी ओळ असावी, असे सुचवितो. नाव लहान ठेवावे आणि खुलासा खालच्या ओळीत करावा, म्हणजे नावावर सारा भार पडत नाही.

आपणांस दुसरे नाव पसंत असेल तर अवश्य घ्यावे. मात्र पक्के करण्यापूर्वी तीन परीक्षा घ्याव्यात. पहिली टेलिफोनची. यंत्रे चालू असताना ते नाव एकदाच उच्चारावे आणि पलीकडच्या माणसाने ते बिनचूक लिहून घेतले पाहिजे. दुसरी हाकेची. बाळाचे पाळण्यातले नाव एक आणि हाक मारायचे दुसरे, असे आपल्या घरांत चालते; वाचकही नाव आपल्या सोयीने आखूड करतात. ते आखूड रूपही शोभेल ना, हे पाहावे. तिसरी परीक्षा वर्षभराची. या नावाने जे कबूल केले ते बाराही अंकांत आपण देऊ शकू काय, हे मजकूर जमविणाऱ्यांना प्रामाणिकपणे विचारावे.

कायद्याचीही एक बाजू आहे. पत्राची नियतकालिक म्हणून रीतसर नोंदणी करायची असेल, तर १८६७ च्या जुन्या कायद्याच्या जागी १ मार्च २०२४ पासून २०२३ चा प्रेस आणि नियतकालिके नोंदणी अधिनियम लागू झाला आहे. त्यानुसार त्याच भाषेत देशात कोठेही, किंवा त्याच राज्यात अन्य भाषेत, दुसऱ्या कोणाकडे असलेले नाव किंवा त्याच्याशी मिळतेजुळते नाव घेता येत नाही. म्हणून आधी शोध घ्यावा, दोन-तीन नावे हाताशी ठेवावीत, आणि मगच ठसे व पाट्या करायला टाकाव्यात. 'जोड' आधीच कोणी घेतले असेल तर आम्ही रुसणार नाही.

शेवटी एवढेच. बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. त्यानंतर बाळ वाढविण्याचे काम आईबापांकडेच राहते. नाव ठरले की आपले काम सुरू होते. सुवर्णमहोत्सवानिमित्त आज येथे जी मंडळी जमली आहेत त्यांतील प्रत्येकाने पहिल्या अंकासाठी एकच गोष्ट लिहून द्यावी. आपल्याकडे कोणते काम मोकळे आहे, किंवा आपल्याला कोणाची गरज आहे, ही ती गोष्ट. कागद दाराशी ठेवले आहेत. दोन गल्ल्या पलीकडे कोणाची तरी मशिनरी आजही बंद पडून असेल. ती खबर या वेळी रद्दीत जाऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे.